सुकणाऱ्या कुंपणाची नाडीपरीक्षा

अहिल्यानगर शहरात सावेडीच्या नव्या वसाहतींपासून भिंगारच्या जुन्या बंगल्यांपर्यंत घराभोवती हिरवे कुंपण लावण्याची हौस सर्वत्र दिसते. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव या गावांतही हेच चित्र आहे. पहिली दोन-तीन वर्षे ही कुंपणे डोळ्यांना सुखावतात. पुढे एखाद्या वैशाखात त्यांत भगदाडे पडू लागतात. कुठे पाने पिवळी पडतात, कुठे तळ उघडा पडतो, तर कुठे दहा फुटांचा सलग पट्टा काड्यांसारखा वाळतो. अशा वेळी घरमालक माळ्याला बोलावतो, माळ्याला फांदीवर चार मुंग्या आणि बुंध्याशी वाळवी दिसते, आणि संध्याकाळपर्यंत पंप भरून ‘औषध मारले’ जाते.

‘औषध मारणे’ हा आपला शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या कोणत्याही मुलाला ‘पच्चीस बोल’मधील सहा काय आणि पाच जाती तोंडपाठ असतात. त्याच दृष्टीने एका कुंपणाकडे पाहावे. झुडूप स्वतः वनस्पतिकायातील एकेंद्रिय जीव. त्याच्या मुळाशी गांडूळ हा द्वींद्रिय, मुंगी आणि वाळवी हे त्रींद्रिय, फुलांवरील मधमाशी व फुलपाखरू हे चतुरिंद्रिय, आणि आत घरटे बांधणारा बुलबुल किंवा शिंपी हा पंचेंद्रिय. क्लोरपायरीफॉससारखे तीव्र कीटकनाशक यांत निवड करीत नाही. ते मधमाशीलाही घातक आहे आणि जमिनीतील गांडुळांनाही. एका पंपात जैन जीवविचारातील जवळजवळ सर्व पायऱ्यांवरील जीव सापडतात.

एवढे करून कुंपण वाचले असते, तर निदान गृहस्थाश्रमाची अपरिहार्यता म्हणून त्याचा विचार करता आला असता. परंतु बहुतेक वेळा कुंपण वाचतही नाही, कारण कीड हे आजाराचे मूळ नसते. पाणी, माती, प्रकाश किंवा कात्री यांपैकी कशाने तरी झाड आधीच खंगलेले असते, आणि खंगलेल्या झाडावर कीड मागाहून येते. म्हणूनच निदानात चूक झाली की झाडही जाते आणि विनाकारण हिंसाही पदरी पडते. योग्य निदान ही बागकामातील अहिंसेची पहिली पायरी आहे.

मेंदी आणि तिची भावंडे

माळ्यांच्या बोलीत कापून राखलेल्या प्रत्येक कुंपणाला ‘मेंदी’च म्हणतात. प्रत्यक्षात त्यात खरी मेंदी, कडू मेंदी, पिवळसर पानांचा दुरांटा, सुवासिक पांढऱ्या फुलांची कामिनी, जास्वंद आणि बोगनवेल अशी अनेक झुडपे असतात. इंग्लंड-अमेरिकेत कुंपणासाठी प्रिव्हेट नावाचे झुडूप शतकानुशतके लावले जाते. आपल्या खऱ्या मेंदीला इंग्रजीत ‘इजिप्शियन प्रिव्हेट’ असेच नाव आहे, यावरून दोघींचे काम किती सारखे ते कळते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र मेंदी ही डाळिंबाच्या कुळातली आहे. राहाता-संगमनेरच्या ज्या शेतकऱ्याने डाळिंबाची ‘मर’ पाहिली आहे, त्याला मेंदीची दुखणी समजायला वेळ लागू नये.

नगर जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. तेथील पाली जिल्ह्यातील सोजत हे गाव मेंदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथील शेतांत मेंदी पावसाच्या पाण्यावर वाढते. दरवर्षी ती जमिनीलगत कापली जाते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते. एकदा लावलेले शेत वर्षानुवर्षे उत्पन्न देते. मारवाडच्या तुटपुंज्या पावसात बुंध्यापर्यंत कापूनही जगणारे हे झाड नगरच्या बंगल्यात, रोज पाणी मिळत असताना, का मरते? या प्रश्नातच पुष्कळसे उत्तर आहे. उणिवेने मरणाऱ्या कुंपणांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, कुंपणे अतिरेकाने मरतात.

आधी डोळ्यांनी, मग नखाने, मग खुरप्याने

पहिली परीक्षा दुरून करायची. दहा पावले मागे उभे राहून सबंध कुंपण पाहावे. एका टोकापासून क्रमाने सलग झाडे वाळत गेली असतील, तर दोष बहुधा जमिनीत किंवा पाण्यात असतो. त्या टोकाला पन्हाळीचे पाणी साचते का, कपडे धुण्याचे पाणी जाते का, भिंतीचा गिलावा करताना सिमेंटचा राडारोडा पुरला गेला आहे का, हे पाहावे. झाडे मधूनमधून, विखुरलेली वाळत असतील तर रोग किंवा खोडकिडा यांचा संशय घ्यावा. एकाच झाडाची एकच फांदी वाळली असेल, तर त्या फांदीवर छिद्र, भुसा किंवा मोडल्याची खूण शोधावी.

दुसरी परीक्षा पानांची. खालची जुनी पाने सारखी फिकट पिवळी आणि शेंडा त्यामानाने हिरवा असेल, तर नत्राची कमतरता समजावी. उलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची कमतरता होय. शेतकरी यालाच ‘केवडा पडला’ म्हणतात. पानांच्या कडा आणि टोके करपलेली असतील तर पाण्यातील किंवा मातीतील क्षारांकडे लक्ष द्यावे. पानांवर काळी काजळी असेल आणि ती बोटाने पुसली जात असेल, तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांनी टाकलेल्या चिकट स्रावावर ती बुरशी वाढलेली असते. कुंपण वरून गर्द आणि तळाशी उघडे असेल, तर ते दुखणे रोगाचे नसून आकाराचे आहे.

तिसरी परीक्षा नखाची. वाळल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीची साल शेंड्यापासून सुरू करून थोडी थोडी खाली नखाने खरवडावी. आत ओलसर हिरवा थर दिसला की तेथपर्यंत जीव आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर आणखी खाली यावे. पुष्कळदा वरचा तीन फुटांचा भाग मेलेला आणि खालचा वीतभर बुंधा जिवंत असतो. असे झाड उपटणे म्हणजे जिवंत जीवाला मृत ठरवण्यासारखे आहे. जैन विचारानुसार एकेंद्रिय जीवाला स्पर्श हे एकच इंद्रिय असते. त्याची विचारपूसही अशी स्पर्शानेच करावी लागते.

चौथी आणि निर्णायक परीक्षा खुरप्याची. निरोगी झाडाजवळ एक आणि आजारी झाडाजवळ एक, असे बुंध्यापासून फूटभर अंतरावर वीतभर खोल दोन खड्डे घ्यावेत. एकच खड्डा फारसे सांगत नाही. तुलनेतूनच फरक कळतो. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा, हा वाफसा. गोळ्यातून पाणी सुटत असेल तर ओल जास्त, आणि गोळाच होत नसेल तर ओल कमी. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात. मुळे तपकिरी, बुळबुळीत असतील आणि कुजका वास येत असेल, तर मूळकूज आहे. पाने माना टाकत आहेत आणि तरी माती ओली आहे, असे दिसल्यास आणखी पाणी देणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणे होय.

नगरच्या मातीचा स्वभाव

जिल्ह्याचा बहुतांश भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याचा पश्चिम डोंगराळ भाग वगळला तर पाऊस बेताचाच, साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. जमीन अनेक ठिकाणी काळी, भारी आणि चुनखडीयुक्त. ही माती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडताना बारीक मुळे तुटतात आणि उरलेल्यांना गरम हवा लागते. म्हणून काळ्या मातीत रोज थोडे थोडे पाणी घालणे आणि महिनाभर मुळीच न घालणे, हे दोन्ही सारखेच घातक ठरते.

चुनखडीमुळे मातीचा सामू आठच्या वर जातो. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना शोषून घेता येत नाही. तिजोरीत रक्कम आहे, पण किल्ली हरवली आहे, अशी ही अवस्था. बंगल्याच्या भिंतीलगत हा दोष दुणावतो, कारण बांधकामाचा चुना, सिमेंट आणि विटांचे तुकडे तेथेच पुरलेले असतात. म्हणून भिंतीकडची बाजू पिवळी आणि बागेकडची बाजू हिरवी असे कुंपण दिसले, तर राडारोड्याचा शोध आधी घ्यावा.

तिसरा दोष क्षारांचा. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या दुष्काळी मुलखाचे रूप पालटले. परंतु निचरा नसलेल्या भारी जमिनीत वर्षानुवर्षे पाणी देत राहिल्याने काही ठिकाणी जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या. बागेत हीच गोष्ट छोट्या प्रमाणावर घडते. बोअरचे जड पाणी रोज शिंपडले, ते उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले, की आळ्यात पांढरा थर दिसू लागतो. धुण्याच्या साबणाचे पाणी झाडांना दिल्यास त्यातील सोडियम मातीची घडण बिघडवतो. पाणी वाया जाऊ नये ही भावना स्तुत्य आहे, पण सांडपाणी न गाळता, न बदलता एकाच ठिकाणी सोडणे झाडाला मानवत नाही.

शंका असल्यास माती तपासून घ्यावी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, तसेच बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे ही जिल्ह्यातील जाणकार ठिकाणे आहेत. कुंपणाच्या रेषेत चार-पाच ठिकाणी फूटभर खोलीपर्यंतची माती घेऊन, एकत्र मिसळून, त्यातील अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून द्यावा. अहवालात सामू आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे प्रथम पाहावेत. सामू साडेआठच्या वर असेल तर चोपणपणाचा संशय, आणि विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर क्षारांचा. जिप्सम टाकायचे ते अशा अहवालानंतरच. शेजाऱ्याने टाकले म्हणून नव्हे.

निचरा मात्र घरच्या घरी तपासता येतो. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तर त्या जागी निचऱ्याचा चर काढल्याशिवाय कोणतेही झुडूप टिकणार नाही.

कीड : कारण की परिणाम?

बुंध्याशी वाळवी दिसली की तिच्यावर खटला भरला जातो. वाळवी मुख्यतः मेलेल्या लाकडावर आणि वाळलेल्या पालापाचोळ्यावर जगते. कोरड्या, पाण्यावाचून तडफडणाऱ्या झाडांच्या मेलेल्या सालीतून ती शिरते. त्या झाडाला ओल मिळाली, मेलेले लाकूड काढून टाकले आणि बुंध्याशी न कुजलेले शेणखत टाकणे थांबवले, तर तिचे येण्याचे कारणच संपते. न कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्याही येतात, हे ऊस उत्पादकांना चांगले ठाऊक आहे. पूर्ण कुजलेले खत वापरणे हा म्हणूनच कीड न मारता कीड टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या, लुसलुशीत फुटीवर येतात. युरियासारखे नत्रखत भरपूर दिले की अशी फूट वाढते आणि तिच्याबरोबर कीडही. खत आवरले, गच्च झालेल्या फांद्या विरळ करून हवा खेळती ठेवली, तर हा उपद्रव बराच कमी होतो. ढालकिड्यांसारखे परभक्षी मावा खातात. पहिल्याच दिवशी विष फवारले तर आधी तेच मरतात. ज्या फांदीवर पिठ्या ढेकूण फार झाला असेल, तेवढीच फांदी कापून दूर, सावलीच्या कोपऱ्यात ठेवावी. ती जाळू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निंबोळी अर्क नैसर्गिक आहे म्हणून तो अहिंसक ठरत नाही. तोही किडीची वाढ आणि कात टाकणे रोखूनच काम करतो. तीव्र रसायनापेक्षा त्याची हानी मर्यादित असते, एवढेच. ज्यांचा नियम आहे त्यांनी हे समजून निर्णय घ्यावा. नैसर्गिक या शब्दाने स्वतःचे समाधान करून घेऊ नये.

एका शत्रूची मात्र गय करता येत नाही, आणि तो स्वतः वनस्पतीच आहे. पिवळ्या दोऱ्यांसारखी, पाने नसलेली अमरवेल कुंपणावर पसरली, तर ती झुडपाचा रस शोषून त्याला वाळवते. तिचा लहानसा तुकडाही पुन्हा वाढतो. ती फुलावर येण्याआधी, ज्या काड्यांना ती चिकटली आहे त्या काड्यांसह काढावी लागते आणि दुसऱ्या हिरव्या झुडपावर पडणार नाही अशा रीतीने वाळू द्यावी लागते.

उपचाराचा क्रम

आजारी झाडाला प्रथम खत देण्याची घाई करू नये. अन्न पचत नसलेल्या रुग्णाला पक्वान्न वाढण्यासारखे ते होते. पहिले काम पाण्याची शिस्त लावण्याचे. वरचा दोन-तीन इंच थर कोरडा झाल्यावरच, पण वीतभर खोल भिजेल इतके पाणी एकदम द्यावे. भर उन्हाळ्यात काळ्या जमिनीतील प्रौढ कुंपणाला हे अंतर आठ दिवसांचेही असू शकते. मुरमाड जमिनीत ते कमी ठेवावे. दुसरे काम आच्छादनाचे. वाळलेली पाने किंवा पाचट यांचा तीन इंचांचा थर बुंध्यापासून चार बोटे दूर पसरावा. त्यामुळे ओल टिकते, भेगा पडत नाहीत आणि गांडुळांना आसरा मिळतो. तिसरे काम राडारोडा काढून तेथे चांगली माती भरण्याचे.

केवडा पडला असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, उपयोगी पडते. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे. चुनखडीच्या मातीत नुसते हिराकस टाकल्यास ते लवकर निकामी होते. कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून दिल्यास अधिक लागू पडते. पावसाच्या सुरुवातीला कुंपणाच्या दर मीटरमागे चार-पाच किलो कुजलेले शेणखत पुरेसे होते.

कात्री आणि चातुर्मास

तळ उघडा पडण्याचे कारण कात्रीत असते. वरून रुंद आणि खाली अरुंद असे कुंपण कापले की खालच्या पानांवर सावली पडते आणि ती गळतात. कुंपण नेहमी तळाशी रुंद आणि माथ्याशी किंचित अरुंद राखावे.

जुन्या, पोकळ झालेल्या कुंपणाला नवे आयुष्य देण्याचा मार्ग म्हणजे खोल छाटणी. मेंदी, कडू मेंदी, दुरांटा आणि बोगनवेल जमिनीपासून फूटभर उंचीवर कापली तरी जोमाने फुटतात. कामिनी फुटते, पण सावकाश. मोरपंखी मात्र पाने नसलेल्या जुन्या लाकडातून फुटत नाही, तिला असे कधीही कापू नये. झाड अशक्त असेल तर एका वर्षी एक बाजू आणि पुढील वर्षी दुसरी, किंवा दरवर्षी जुन्या फांद्यांपैकी एक-तृतीयांश, अशी हप्त्याहप्त्याने छाटणी करावी.

वेळ कोणती? नगरच्या हवामानात रोहिणीची अखेर ते मृगाची सुरुवात, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. कडक उन्हाचा जोर ओसरलेला असतो आणि येणारी फूट पावसावर वाढते. त्यानंतर लवकरच चातुर्मास लागतो. या चार महिन्यांत हिरवे तोडू नये, हा अनेक घरांतील नियम येथे झाडाच्याही हिताचा आहे, कारण नव्या फुटीला नेमकी हीच उसंत हवी असते. पुढची हलकी कातरणी कार्तिकी पौर्णिमेनंतर करावी.

छाटणी ही वनस्पतिकायाची हिंसाच आहे. साधू-साध्वी हिरव्या पानाला स्पर्शही टाळतात. श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी मर्यादा आणि यतना सांगितली आहे. कात्री लावण्यापूर्वी फांद्या हलवून घरटी पाहणे ही यतना आहे. बुलबुलाचे अंड्यांचे घरटे आढळले तर तेवढा भाग महिनाभर तसाच ठेवावा. तोवर पिले उडून जातात. कापलेल्या फांद्या एक दिवस कुंपणाजवळच पडू द्याव्यात, म्हणजे त्यांवरील जीवांना उतरून जाता येते. मग त्या खताच्या खड्ड्यात टाकाव्यात.

जेथे कुंपण वाचत नाही

मृगात छाटलेले झाड पोळ्यापर्यंत फुटले नाही आणि बुंध्याच्या सालीखालीही हिरवा थर उरला नाही, तर ते गेले असे समजावे. मूळकुजीने गेलेल्या जागी लगेच तेच झुडूप लावू नये. जुनी मुळे काढून, निचरा सुधारून, वाफा वीतभर उंच करूनच नवी लागवड करावी. क्षारांच्या जागी कडू मेंदी चांगली तग धरते. कोरड्या, उन्हाच्या जागी खरी मेंदी फूटभर अंतराने नागमोडी दोन ओळींत लावावी. घरात लहान मुले असतील तर दुरांट्याची पिवळी फळे विषारी असतात, हे विसरू नये.

शेवटी एक साधी सवय. व्यापारी घरांना रोजकीर्द नवी नाही. बागेचीही एक ठेवावी. पाणी कधी दिले, खत किती टाकले, कात्री कोणत्या तारखेला लावली आणि पहिले पिवळे पान कोठे दिसले, एवढ्याच नोंदी पुरेत. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कुंपणाचे दुखणे पाण्याचे, मातीचे की कात्रीचे, याचा उलगडा बहुधा त्या पानांवरच होतो आणि विषाची बाटली उघडण्याची वेळ येत नाही.